भट्टीत न दिसणारं लोखंड

मंडळी, आज घोटावड्याच्या कारखान्यात जाऊन आले. आमचे हे तिथं लोखंड तापवायच्या भट्टीवर होते. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली.

ते म्हणायचे, "भट्टीतला तुकडा दिसेनासा झाला की समजायचं, पुरता तापला." मला वाटलं, यांची नजर गेली. मीच हट्टानं चष्मा करून दिला.

सध्या पदार्थविज्ञानाचं पुस्तक वाचतेय. ब्लॅक बॉडीच्या, म्हणजे तापलेल्या वस्तूंच्या उजेडाच्या धड्यात लिहिलंय, की बंद भट्टीत सगळं सारखं तापलं, की वीट आणि लोखंड एकाच रंगानं उजळतात, वेगळं काही ओळखू येत नाही. मला पटेना. म्हणून यांच्या जोडीला काम करणाऱ्या भाऊजींना गाठलं.

आज भट्टीच्या भोकातून पाहिलं. नुसता नारिंगी उजेड.

"भाऊजी, आत कायबी न्हाई."

"तीन तुकडे हायेत, वहिनी. आता तुमालाबी चष्मा करायचा का?"

भट्टीवरचे सगळे हसले. मीही हसले. भाऊजींनी एक तुकडा बाहेर ओढला, तेव्हा कुठं तो दिसला.

घरी येऊन भात लावला. रडू आलं नाही. हे कितीदा म्हणाले होते, "एकदा येऊन बघ." चालत अर्ध्या तासाची वाट होती.

तुमचं माणूस रोज जिथं राबतं, ती जागा तुम्ही पाहिलीय का?