आत्या म्हणाली, ऐकू येतं

पांगाईच्या दवाखान्यात लोसालीने नावाच्या दोन नर्सा होत्या, म्हणून आमच्या हिला सगळे लोसालीने-तेलिंगा म्हणत. तेलिंगा म्हणजे कान. हापाईच्या बेटांवरच्या लहान पोरांचे कान तपासायचं काम हिचं. होडी जाईल तिथे ती यंत्राची पेटी मांडीवर घेऊन जायची. समुद्र खवळला की आम्ही बाकीच्या देवाचं नाव घ्यायचो आणि ती पेटीवर प्लास्टिक ओढायची. मी लशी टोचायचे. पोरं मला बघून किंचाळत सुटायची आणि तिच्या मांडीत जाऊन लपायची, हे ती मला उठता-बसता ऐकवायची.

"तू राक्षसीण आहेस, फीने," ती म्हणायची. "तुझ्यामुळे माझं काम सोपं होतं."

तान्ह्या बाळाचं खरंच सोपं असतं. बाळ झोपलं की कानात बारीक बोंडी घालायची, पुढचं यंत्र सांगतं. पण ते यंत्र सहा महिने आमच्याकडे तर सहा महिने राजधानीत दुरुस्तीला. तीन वर्षांच्या पोराची तऱ्हा वेगळी. कानांवर हेडफोन लावायचा, बारीक आवाज सोडायचा, आणि आवाज आला की पोराने एक ठोकळा बादलीत टाकायचा, असं परदेशातून आलेल्या बाईंनी शिकवलं होतं. आमची पोरं दोन-चार ठोकळे टाकत आणि पुढचा घेऊन पळून जात. लोसालीनेने ठोकळे बंदच केले. आमच्याकडे 'हो' म्हणायला तोंड उघडावं लागत नाही, भुवया उचलल्या की झालं. अंगावर पिणारं मूलही ते करतं. आवाज आला की भुवया उचल, एवढंच ती पोरांना करून दाखवायची, आणि पोरं शहाण्यासारखी बसून राहायची. बाईंनी त्याचं फार कौतुक केलं. बटण दाबणारा हात मुलाला दिसता कामा नये, एवढीच आठवण त्यांनी करून दिली. लोसालीने हात पेटीच्या झाकणाआड ठेवायची. त्यात ती कधी चुकली नाही.

तिला स्वतःचं मूल नव्हतं. सगळा जीव भावाच्या मुलीत, अकानेसीत. ही पोर जन्मली तेव्हा यंत्र नेमकं दुरुस्तीला गेलं होतं. आमच्याकडे भावाच्या घरात आत्याचा मान सगळ्यात वरचा. पोरांची नावं ती ठेवते, पंगतीत पहिलं पान तिचं, तिच्यापुढे बापाचंही काही चालत नाही, मग आईची काय कथा. त्यामुळे वहिनी, मेलेनाइते, पोर तिसऱ्यात असताना दवाखान्यात आली ती चोरासारखी आली.

"वन्सं, रागावू नका," ती म्हणाली. "हिच्या पाठीमागे पातेलं पडलं तरी ही वळत नाही. अजून बोलतही नाही."

"तुझा नवरा, सेमिसी, तरी लहानपणी कुठे बोलायचा? चार वर्षांचा होईस्तोवर नुसता बोट दाखवायचा. बापावर गेलीय, हट्टी आहे."

पण तपासणी तिने अगदी नीट केली. मी तिथेच होते. अकानेसी समोर बसली, मोठमोठे डोळे आत्याच्या तोंडावर लावून, आणि प्रत्येक आवाजाला तिच्या भुवया पटकन वर गेल्या. इतकी हुशार पोर मी क्वचितच पाहिली असेल.

"सगळं ऐकू येतं लबाडाला," लोसालीने म्हणाली. "लाडावून ठेवलीत तुम्ही. जरा धाक लावा."

मेलेनाइते होय म्हणाली आणि पोरीला घेऊन गेली. पुन्हा ती त्या कामासाठी आली नाही. आत्या म्हणाली, विषय संपला.

पोर शाळेत जायच्या वयाची झाली. तेव्हाच लोसालीनेची स्वतःची आत्या वारली. आत्या गेली की भाचरांनी सगळ्यात खालचं होऊन सुतक पाळायचं. अंगाला कानांपर्यंत येणारी जुनी फाटकी चटई गुंडाळायची, केस मोकळे सोडायचे, विंचरायचे नाहीत. त्याच अवतारात ती कामावर येत होती, कारण शाळा उघडण्याआधी नव्या मुलांचे कान तपासून व्हायला हवे होते. अकानेसी अजून बोलत नव्हती, नुसते काहीतरी आवाज काढायची. गावातली माणसं तिला मंद म्हणू लागली होती, आणि ते ऐकलं की लोसालीने भांडायला उठायची.

त्या दिवशी पोरीला हेडफोन लावला, लोसालीनेने बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. अकानेसी खाली वाकली आणि आत्याच्या कपाळावर आलेल्या केसांखालून तिचं तोंड शोधू लागली.

"सरळ बस गं, माकडा," लोसालीने म्हणाली, आणि केस मागे सारून तिने "काय?" अशा भुवया उचलल्या.

पोरीने लगेच भुवया उचलल्या. बटणाला हातही लागलेला नव्हता.

लोसालीनेने पोरीच्या कानांवरचा हेडफोन काढला. मग मला म्हणाली, "फीने, इथे बस. माझ्या तोंडाकडे बघ आणि मी बटण दाबलं की सांग."

मी बसले. माझ्या कानाला काहीही लावलेलं नव्हतं. आता, आता, आता, असं मी सांगत गेले आणि एकदाही चुकले नाही. दर वेळी तिच्या भुवया हलत होत्या, आणि तिचं तिला ठाऊक नव्हतं. परदेशी बाईंनी हात लपवायला सांगितलं होतं. त्यांच्या देशात भुवयांनी कोणी बोलत नसेल.

राजधानीतल्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही कान जन्मापासूनच अधू आहेत. कानात घालायची यंत्रं तिसऱ्या वर्षी मिळाली असती तर पोर बोलू लागली असती. आता मिळतील, हाका कळतील, बोलणं किती येईल ते सांगता येत नाही. लोसालीनेने हे सगळं उभ्याने ऐकलं. आधी तपासलेल्या पोरांना ती आपल्या भुवयांवर फडकं बांधून परत तपासणार होती, पण त्याआधी तिला वहिनीकडे जायचं होतं. एकटीने जाववेना, म्हणून मला बरोबर घेतलं.

घरात शिरल्यावर ती दाराशीच बसली, जिथे चपला काढतात तिथे. मेलेनाइते चुलीपाशी होती. ती घाईने हात पुसत आली.

"हे काय, वन्सं? वर या. चटईवर बसा."

"मी इथेच बरी आहे."

"कोणी बघितलं तर माझ्या तोंडात शेण घालतील. उठा."

"मेलेनाइते, माझ्यामुळे झालं. तुझं मी ऐकून घ्यायला हवं होतं."

"मला माहीत होतं," मेलेनाइते हळूच म्हणाली. "त्या दिवशी घरी जातानाच माहीत होतं. आईला कळतं."

"मग बोलली का नाहीस गं?"

"कोणाला बोलू? तुम्हाला? तुमच्या भावाला मी म्हटलं एकदा. ते म्हणाले, ताईपेक्षा तुला जास्त कळतं का?"

अकानेसी आत्याला बघून धावत आली आणि तिच्या मांडीत शिरली. लोसालीने तिच्या केसांत तोंड घालून रडू लागली. मीही रडले, कशाला लपवू. मेलेनाइते मात्र रडली नाही. तिने आत्याला दंडाला धरून उठवलं, चांगल्या चटईवर नेऊन बसवलं आणि पहिलं पान तिच्यापुढे ठेवलं, अळूच्या पानात नारळाच्या दुधावर शिजवलेलं मांस, त्यातला सगळ्यात मोठा तुकडा. आत्याने घास घेतल्याशिवाय घरात कोणी जेवत नाही. लोसालीनेने घास घेतला.

"एक सांगू, वन्सं?" मेलेनाइते समोर बसत म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "तुम्ही म्हणालात, ऐकू येतं, धाक लावा. मी लावला. रोज मारलं मी तिला, ऐकत नाही म्हणून."