मोर्च्यातलं पाणी

“ओंजळ कर. पेल्याला हात लावू नको.”

पनवेलच्या बाजारात, भर मोर्च्यात, शेटचा जावई मला हे म्हणाला. शेट म्हणजे आमच्या गावचा मिठागरवाला. अख्खा महारवाडा त्याच्याकडे राबायचा. आदल्या दिवशी तो वाड्याच्या तोंडाशी येऊन सांगून गेला होता, “दिल्लीवाले आपली मुंबई देत नाय. आपन समदे मराठी. बाया घेऊन या.”

गेलो. मिठाने फुटलेल्या टाचांनी चालत गेलो. दिल्लीच्या नावाने घसा बसेपर्यंत ओरडलो.

खरं तर आमच्या वाड्यात दिल्लीला कुणी शिव्या देत नसे. शिवाशिव गुन्हा आहे, हा कायदा तिथूनच आला होता. गावाला दिल्ली वैरी वाटायची. आम्हाला वैरी शोधायला एवढं लांब जायची गरज नव्हती. पण मुंबई आमचीही होती. माझा बाप तिथल्या गोदीत खपला. म्हणून ओरडलो.

आणि आता पाणी वरून. गावच्या बाया पिंपातून आपल्या हाताने घेत होत्या. माझी आई ओंजळ करून वाकली.

मी तिला दंडाला धरून उभं केलं. पेला उचलला, पिंपात बुडवला, घटाघटा प्याले.

जावयाने पिंप लाथेने आडवं केलं. शेट धावत आला. “बाटवलंस!”

“कायदा हाय, शेट.”

“दिल्लीचा? तो हितं नाय चालत!”

“दिल्ली आपल्याला मानूस समजत नाय, म्हनता. तुमी आमाला काय समजता?”

त्याने माझ्या थोबाडीत मारली. सगळ्यांसमोर. घोषणा चालूच होत्या.

मी शेजारी उभ्या पोलीस जमादाराकडे गेले. अंगावर सरकारची वर्दी. तो म्हणाला, “आज सगळे मराठी एक झालेत. घरातलं भांडण काढू नकोस.”

तेव्हा कळलं. कायदा दिल्लीत होतो आणि तो गावात शेटच्या ओसरीवर चहा पीत बसतो.

दुसऱ्या दिवसापासून मिठागर आम्हाला बंद. वाड्यातले पुरुष माझ्यावर चिडले. आई म्हणाली, “वीटभट्टीवर जाऊ. पन ही पोर बरोबर बोलली.”

पुढच्या मोर्च्याला गाव पुन्हा पनवेलला गेलं. आम्ही बाया हंडे घेऊन गावच्या विहिरीवर गेलो. पाणी भरलं. हंडे भरल्यावर काही जणी म्हणाल्या, चला, गाव परत यायच्या आत निघू.

मी कठड्यावर बसले. चोरून पाणी न्यायला आले नव्हते. आई शेजारी बसली. मग बाकीच्याही बसल्या.

दिल्लीशी भांडायचं तेव्हा भांडेन. आधी या गावाशी. येऊ देत सगळे.