पुसलेली खरखर

गिरणी कामगार संघटनेच्या कचेरीत काल आमच्या जुन्या मोर्चागीतांची तबकडी आणि तिच्यावरून केलेली सीडी लागोपाठ ऐकली. सीडी मीच करवून आणली होती. गाणी पत्रकांसारखी घरोघर पोचावीत, हा माझा हट्ट. सीडीत खरखर नाही, शब्द न् शब्द स्वच्छ.

डफ वाजवणारे तात्या म्हणाले, "छान आलंय गं पोरी. पण दुसऱ्या कडव्याआधी शेवंता खोकायची, ते कुठं गेलं? त्या खोकल्यावरच मी डफाला हात घालायचो."

शेवंताबाई त्यांची बायको, कोरसात गायची. ती गेल्यावर तिचा एकटीचा, वेगळा ओळखू येणारा आवाज उरला तो एवढाच.

"खरखरीबरोबर पुसला गेला असेल, तात्या. दोष म्हणून काढतात."

"गिरणीतला कापूस छातीत बसला होता तिच्या. दोष तिचा होय?"

एरवी मी यावर तासभर बोलले असते. काल थकवा आला. जगाला ऐकवायचं म्हणून आपण आपलीच माणसं किती सहज घासूनपुसून घेतो!

तात्यांनी तबकडी लावली. खोकला आला. त्यांनी सुई उचलून पुन्हा मागे ठेवली, मग पुन्हा. दर खेपेला तबकडी थोडी झिजते, हे त्यांना माहीत होतं. मलाही होतं. मी त्यांना थांबवलं नाही.