मोठ्या बाई आणि पहिलीचा वर्ग

मोठ्या बाई खुशीत असल्या की पुस्तकी मराठी बोलत आणि संतापल्या की माहेरची, धुळ्याकडची अहिराणी. कोरोनानंतर शाळा उघडली त्या वर्षी आम्ही शिक्षकांनी त्यांच्या तोंडून पुस्तकी मराठी फारसे ऐकलेच नाही.

संतापायला कारण होते. शाळा बंद असताना 'शिक्षण घराघरात पोहोचले' म्हणून वरची मंडळी एकमेकांना शाली पांघरवत होती. आमची शाळा चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. पाड्यावर घरटी एक मोबाईल, आणि तोही सकाळीच बापाच्या खिशातून केळीच्या कटाईला जायचा. शाळा उघडली तेव्हा सातवीतली पोरे फळ्याकडे परक्या घरात आल्यासारखी बघत होती. मग फर्मान आले, मागे पडलेल्यांचे वेगळे गट करा. बाईंनी ते वाचले, घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. "वेगळं बसाडं की पोर लाजस," त्या म्हणाल्या, "आन लाजेल पोर परत शायमा येत नही."

लाजलेले पोर शाळेला मुकते, म्हणून त्यांची स्वतःची रीत निराळी होती. वाचन विसरलेल्या मोठ्या पोरींना त्या पहिलीच्या वर्गावर नेमायच्या, 'छोट्या बाई' म्हणून. चिमुरड्यांना अक्षरे गिरवून द्यायची, त्यांची नाके पुसायची, भांडणे सोडवायची. दुसऱ्याला 'क' काढून दाखवायचा तर आधी आपल्याला यायला हवा, म्हणून पोरी सकाळी लवकर येऊन गुपचूप बाईंकडून शिकून घेत. विद्वान मंडळींना हे सुचले नसते, कारण यात फोटो काढण्यासारखे काही नव्हते.

जमुना अशीच एक छोटी बाई. सातवीतली. दोन हंगाम आईबरोबर कापूस वेचून आलेली. बापाला तिला पुन्हा कामावर न्यायचेच होते. बाईंनी त्याच्या दारात बसून त्याला इतके बोलून घेतले की शेवटी तो म्हणाला, "ठीक शे बाई, पोरगी खुशीत जाई तोपर्यंत जाऊ दे."

आणि मग आमच्या कपाळी तो समारंभ आला. कुठल्याशा दानशूर मंडळींनी गरजू मुलांना टॅब द्यायचे ठरवले. मांडव पडला, 'सर्वांना समान संधी' असा फलक लागला, आणि समान संधी देणाऱ्यांपुरत्याच खुर्च्या आल्या. पोरे उन्हात. पाहुणे म्हणून आलेल्या आमच्या खात्याच्या साहेबांनी जमुनाच्या हातात टॅब दिला, कॅमेऱ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "वाच बाळ, वर काय लिहिलंय?" जमुनाने वर फलकाकडे पाहिले. पहिल्याच जोडाक्षरावर ती अडली. साहेबांनी माईक तिच्या तोंडाशी नेला. समोर बसलेली पहिलीची पोरे आपल्या छोट्या बाईंकडे बघत होती.

मोठ्या बाईंनी माईक काढून घेतला. "साहेब, पोर वाचाले शिकी राहिनी. तुम्ही लाजाले कधी शिकशात?"

मांडवात कुणी टाळी वाजवली नाही. आमच्यातही तेवढी हिंमत नव्हती. दुसऱ्या दिवशी जमुना आली नाही, त्यानंतरही नाही. टॅब मात्र तिच्या बापाने आणून टेबलावर ठेवला. आणि पंधरवड्यात बाईंना हुकूम आला, पाचोऱ्याकडच्या शाळेत तात्पुरती कामगिरी. साहेबांच्या कानाला सत्य झोंबले की बाईंच्या पायाला भिंगरी लागते, हा आमच्या खात्याचा जुनाच न्याय.

शेवटच्या दिवशी निरोप समारंभाला बाईंनी चक्क नाही म्हटले. पहिलीच्या पोरांची रांग केली आणि पाड्यावर निघाल्या. मी मागोमाग गेलो. जमुना अंगणात गोवऱ्या थापत होती. आम्हाला बघून ती उठली, पण जवळ आली नाही. पोरे मात्र धावत जाऊन तिला बिलगली. कुणाची चड्डी सुटली होती, कुणाला पाणी हवे होते.

तिने बाईंना विचारले, "तुम्ही उद्या येशात का?"

बाईंना खोटे बोलता येत नसे. "नही," त्या म्हणाल्या. "मी आते येणार नही."

जमुनाने घराच्या दाराकडे पाहिले. मला वाटले, आता ही घरात जाईल आणि सगळे संपले.

"मंग या पोरसले कोन शिकाडी?" असे म्हणत तिने हात धुतले, चड्डी सुटलेल्याची नाडी बांधली आणि रांगेच्या पुढे होऊन शाळेची वाट धरली.

बाई तिथेच अंगणात उभ्या राहिल्या. त्यांना एवढे रडताना मी त्याआधी पाहिले नव्हते.