नवऱ्याचं नक्षत्र

नवरा चार दिवस आयसीयूत होता. मेंदूत रक्तस्राव. डॉक्टर रोज "बघूया" म्हणायचे. नागपूरला सासूबाईंना मी काही कळवलं नव्हतं. त्यांचं हृदय आधीच नाजूक, म्हणून "ऑफिसच्या कामाने चेन्नईला गेलेत, रेंज नाही" असं रोज ठोकून देत होते. मला काही वाटतच नव्हतं. भीतीसुद्धा नाही. समोर ठेवलेलं खायचं, सही म्हटली की सही करायची.

शेजारच्या बेळगावच्या अक्का मला बळेच बनशंकरीच्या देवळात घेऊन गेल्या. आपल्याकडे नारळ फोडला, हात जोडले, झालं. इथे कन्नड मुलखात अर्चना करायची तर नाव, गोत्र, नक्षत्र सगळं सांगावं लागतं. नाव सांगितलं, गोत्रही सांगितलं.

"नक्षत्र?" पुजारी म्हणाले.

आता कन्नडमध्ये कुठल्याही ताऱ्याला नक्षत्रच म्हणतात. नवरा दर रविवारी आमच्या जे. पी. नगरच्या सोसायटीतल्या मुलांना मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये हेच शिकवायचा. चित्रा निळसर, म्हणजे सूर्याहून कितीतरी तापलेली. ज्येष्ठा तांबडी, म्हणजे त्या मानाने थंड, पण म्हातारी आणि अवाढव्य. सूर्य मधल्या वयाचा, मध्यम अंगाचा. जवळ आहे म्हणून एवढा तोरा. शेवटी मुलांकडून घोकून घ्यायचा, "सूर्य ओंदु नक्षत्र." सूर्य हे एक नक्षत्र. स्वयंपाकघरात ऐकून ऐकून माझंही पाठ झालेलं.

"सूर्य," मी म्हणाले.

पुजाऱ्यांनी मान वर केली. "अम्मा, सूर्य ग्रह. नक्षत्र हेळी." नक्षत्र सांगा.

मागच्या रांगेत कुणी तरी हसलं. हसू दे. बारा वर्षं संसार केला, माणसाची रास माहीत, नक्षत्र नाही. मला त्याचीही धड लाज वाटली नाही.

अक्का म्हणाल्या, "सासूला विचार की."

लावला फोन. "आई, यांचं जन्मनक्षत्र कोणतं हो?"

"अनुराधा," त्या लगेच म्हणाल्या. मी पुजाऱ्यांना सांगितलं, त्यांनी मंत्र सुरू केले. मी फोन ठेवणार होते, पण पलीकडून त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"किती दिवस झाले गं त्याला दवाखान्यात नेऊन?"

माझ्याजवळ दुसरी थाप तयार नव्हती. "चार," मी म्हणाले.

"आणि चार दिवस तू एकटीच होतीस?"