हाफिजभाईंचा सदरा

आमच्या बेंबळीच्या माळावर हाफिजभाई बावीस वर्षं वनमजूर हायत. माणूस गरीब, पण लांडग्यांच्या बाबतीत लई हट्टी. दर हिवाळ्यात लांडगी कुठल्या बिळात व्याली ते त्यांना ठाऊक असतं, पण घरात मैमुनाभाभीलाबी सांगत न्हायत. मी उत्तरेश्वर, शेरडं राखणारा. माझी तीन करडं लांडग्यानं नेलेली. मला कशाला सांगतील?

यंदा कुठल्याशा संस्थेचे रणधीर साहेब ड्रोन घेऊन आले. ते आपलं आपणच उडतं, ठरल्या वेळेला ठरल्या जागी जाऊन फोटो काढतं. पिल्लांची राखण होईल म्हणून साहेब आठ दिवस मागं लागले, तेव्हा कुठं भाईंनी बीळ दाखवलं.

झालं! रोज सकाळी आठला ते यंत्र भुणभुणत यायचं आणि एकाच टेकाडावर थांबायचं. मी भाईंना विचारलं, "तुमचं इमान रोज तिथंच का वो थांबतंय?"

भाईंचं तोंड उतरलं. तडक साहेबांकडं गेले, यंत्राची जागा बदला म्हणाले; मी मागंच होतो. साहेब म्हणाले, "ते पुण्याहून बदलावं लागतं. चार दिवस लागतील."

बीळ कुठं हाय ते मला कळलं होतं, मी काय चार दिवस थांबणार होतो? दुसऱ्याच दिवशी सकाळी टिकाव आन् धुरासाठी पाचट घेऊन निघालो. राग होताच, खोटं कशाला बोलू.

बीळ रिकामं! तोंडाशी दगडाखाली भाईंचा खाकी सदरा, घामानं कडक झालेला. माणसाचा वास आला की लांडगी एका रात्रीत पिल्लं हलवती, हे आमा शेरडंवाल्यांना ठाऊक हाय. बावीस वर्षं त्या बिळांना लांबून वळसा घालणाऱ्या माणसानं आपल्याच हातानं तिला उठवलं. मी दगड सारून सदरा उचलला. तेवढ्यात यंत्र आलं आणि माझे फोटो काढून गेलं.

सदरा धुऊन, बगलेत मारून संध्याकाळी भाईंच्या घरी गेलो. साहेब तिथंच बसलेले.

"पिल्लं कुठं गेली, हाफिजभाई?"

"ठाऊक न्हाय, साहेब."

"आणि उत्तरेश्वर, तुम्ही टिकाव घेऊन तिथं काय करत होता?"

"चुकलेलं करडू हुडकत होतो," मी म्हटलं.

साहेब गेल्यावर सदरा भाईंच्या हातात दिला. त्यांनी उलटापालटा करून बघितला.

"धुतलास व्हय?"

"व्हय. आता मला तरी सांगा, कुठं हायत पिल्लं?"

"खरंच ठाऊक न्हाय. बघायला गेलोच न्हाय. मी गेलो असतो, तर माझ्या मागं तू आला असतास."

आलो असतो. खोटं कशाला बोलू.