सरांचा पाठमोरा फोटो

सर गेले आणि हार घालायला फोटो मिळेना.

म्हणजे आधार कार्डवरचा होता. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, तो बघून नाक मुरडलं. "ह्यात चोरासारखे दिसतात. मना त्यांचा कामाचा फोटो पायजे. काठी हातात असलेला."

काठी म्हणजे बॅटन. आमचे पाटील सर कंडक्टर होते, ऑर्केस्ट्राचे.

आम्ही सगळ्या वादकांनी मोबाईल उपसले. लग्नं, गणपती, गॅदरिंग, सगळं.

प्रत्येक फोटोत सरांची पाठ.

इस्त्रीचा काळा कोट आणि मागचं टक्कल. बस्स.

आता कोणाला बोलणार? कंडक्टर प्रेक्षकांकडे पाठ करूनच उभा राहतो, आणि फोटो काढणारे सगळे प्रेक्षकांत. आमचे हात वाजवण्यात अडकलेले.

आज वर्ष झालं, म्हणून लिहितेय.

सर अंबरनाथच्या मोरिवलीचे. वडील लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. सर क्लॅरिनेट घेऊन मुंबईच्या स्टुडिओंत गेले, तिथे एका म्हाताऱ्या गोवेकर मास्तरांकडून नोटेशन शिकले, कंडक्टिंग शिकले. मग कीबोर्ड आला. अख्ख्या ऑर्केस्ट्राचं काम एकच माणूस करायला लागला आणि सर गावी परत आले.

दिवसा एमआयडीसीत सुपरवायझर, संध्याकाळी आमची तालीम.

मी बदलापूरहून यायची. सेकंड व्हायोलिन. पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "सुजाता, व्हायोलिन वाजवतेस की नारळ खवतेस?"

रडले होते मी. पण दुसऱ्या दिवशी परत गेले.

उल्हासनगरला एका रिसेप्शनमध्ये शेठजी वैतागले. "मास्टरजी, मेहमानों की तरफ मुँह करो ना, साईं!"

सर शांतपणे म्हणाले, "सेठ, मैं घूम गया तो ये सब अलग अलग गली में जाएंगे."

शेठ हसले, पण पुढच्या लग्नाला डीजे आणला.

हेंद्रेपाड्याच्या गणपतीत तर कहरच. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "सर, बाप्पाला पाठ नाही दाखवायची हां." सरांनी लगेच कान पकडले आणि आम्हाला मखराच्या दोन्ही बाजूंना बसवलं. सरांचं तोंड बाप्पाकडे, पाठ थेट नगरसेवकांकडे. साहेब फुगले ते आरतीपर्यंत फुगलेलेच.

त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा धवला वाजवला.

आगरी लग्नात बायका गातात ते धवले. काकू फार सुंदर गातात. त्यांचीच एक चाल सरांनी व्हायोलिन, बासरी, क्लॅरिनेट, सगळ्यांत वाटून लिहिली होती. स्टुडिओत केलेल्या सगळ्या कामापेक्षा सरांना हेच मोठं वाटायचं, असं मला वाटतं. कार्यक्रम कुठलाही असो, शेवट धवल्यानेच.

तर फोटो शोधत आम्ही सगळे सरांच्या घरी बसलो होतो. काकू एकदम म्हणाल्या, "नसंल तर नसू दे. पन मना सांगा तरी, तिकडं तोंड करून कसे दिसायचे ते? मी जलमभर पुढच्या खुर्चीत बसून पाठच बघितली."

 

मी म्हटलं, "काकू, आमच्याकडे बघून डोळे वटारायचे."

ड्रमवाला इक्बाल म्हणाला, "मेरे को तो आँख मारते थे."

बासरीवाला म्हणाला, डोळेच मिटून घ्यायचे.

मग इक्बालच म्हणाला, "लेकिन धवला में गाते थे ना."

हो की! धवला सुरू झाला की सर शब्द म्हणायचे. आवाज नाही, नुसते ओठ. पहिल्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत. आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं होतं, आणि कोणालाच त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

काकूंनी हातातला चहा खाली ठेवला.

"शब्द येत व्हते त्यांना?"

"सगळे, काकू."

"मना म्हनायचे, बायकांची गानी हायेत, मना एक शब्द येत नाय. किती येला म्हटलं, माझ्याबरोबर एकदा म्हना. नाय म्हनजे नायच."

मग त्या रडल्या. सर गेल्यापासून पहिल्यांदाच. आम्हीही रडलो, लपवून काय करायचं.

थोड्या वेळाने डोळे पुसून म्हणाल्या, "तो गनपतीतला फोटो मोठा करून आना. पाठीचाच."

आणला. भिंतीवर लावला. पाठीला हार.

दहाव्याला आलेली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. सरांची थोरली वहिनी शेवटी बोललीच, "अगो, उलटा कसा लावलास त्याला?"

काकू म्हणाल्या, "उलटे नाय ते. तिकडं गातायत."

सर, फार आठवण येते. तुमच्या सगळ्या वादकांचा शेवटचा नमस्कार.